अडतीस हजर, एकोणचाळीस ताटं

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेतले दोन तरुण शिक्षक घरी आले. शाळेची भिंत रंगवायला काढली आहे, तिच्यावर शाळेतली हजेरीची पद्धत चित्रासकट काढायची आहे आणि खाली ‘संकल्पना : माजी मुख्याध्यापक’ असं लिहून माझं नाव टाकायचं आहे, असं ते म्हणाले. मी म्हणालो, “टाकू नका. ती कल्पना माझी नाही.”

दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. थोरला म्हणाला, “बघ, ह्याला म्हणत्यात मोठेपणा.”

“अहो, खरंच माझी नाही. मी तर त्या पद्धतीच्या विरोधात होतो.”

त्यावर धाकटा भारावून गेला आणि माझ्या पाया पडला. “असं बोलणारं माणूस आता न्हाई राहिलं, सर.”

ते गेल्यावर आमच्या घरातून आवाज आला, “तोंडानं सांगून तुमचं कुणी ऐकणार न्हाई. लिहून काढा.” म्हणून लिहितो आहे. एका शिक्षिकेनं एका मुलीला शाळेत टिकवलं. मी त्या मुलीला शाळेत असताना गैरहजर मांडलं, त्या शिक्षिकेवर नोटीस आणली, आणि शाल मात्र स्वतःच्या खांद्यावर घेतली. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हे ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

शाळा सीमाभागातल्या औराद तालुक्यातली, सरकारची, मराठी माध्यमाची, पाचवीपर्यंत. शिक्षक तीन. एक मी. दुसरे गुरुजी कायम ड्युटीवर असत : कधी निवडणूक, कधी मोजणी, कधी ट्रेनिंग. ते शाळेत आले की मुलं त्यांना पाहुणे समजून उभी राहत. तिसऱ्या कानडीच्या बाई. त्या गुलबर्ग्याकडच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीकडच्या, आणि मराठी शाळेवर त्यांची नेमणूक कुणी केली ते देव जाणे. त्यांना मराठी वीस-पंचवीस शब्दांपुरतं येई. तेवढ्यात त्या दुसरीचा वर्ग चालवत.

त्यांच्या वर्गात ती मुलगी होती. वय सात. आई शाळेतच दुपारचं जेवण शिजवायची. ह्या जेवणाला आमच्याकडे मराठी घरातसुद्धा कानडीतच बिसीऊट म्हणतात. मुलगी आईबरोबर सकाळी सगळ्यांच्या आधी येई आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जाई. बोलत नसे. कुणाकडे बघत नसे. घंटा वाजली की कानावर हात ठेवून किंचाळत चुलीमागं पळे. राखेत बोटानं गोल काढत बसे. एक गोल झाला की दुसरा. ऑटिझम हा शब्द मी निवृत्तीनंतर नातवाकडून ऐकला. तेव्हा माझ्याकडे दोनच शब्द होते, लाडावलेली आणि हट्टी, आणि तिच्यासाठी मी दोन्ही वापरत होतो.

आता माझा नियम सांगतो. फार वर्षांपूर्वी एका तपासणीत माझ्या पटावर हजर असलेली तीन मुलं उडदाच्या रानात सापडली होती. साहेबांनी चारचौघांत माझी हजामत केली. तेव्हापासून मी सगळ्या वर्गांची हजेरी प्रार्थनेनंतर स्वतः घेऊ लागलो. नाव पुकारलं की मुलानं उभं राहायचं, माझ्या डोळ्यांकडे बघायचं आणि मोठ्यानं ‘हजर सर’ म्हणायचं. तिन्ही झालं तर हजर. एक जरी चुकलं तर गैरहजर. ह्या नियमाचा मला एवढा अभिमान होता की घरी जेवायला बसलो तरी मुलांना नावानं पुकारून मगच वाढायला सांगायचो.

ती मुलगी तिन्हींपैकी एकही करत नव्हती. जून महिना संपला, तिच्या नावापुढे सगळे ‘गै’.

तिची आई हात पुसत आली. “सर, लेकरू तुमच्या म्होरं बसलंय की. गैरहजर कामून लावायलाव?”

“तिनं हजर म्हटलं का?”

“तिला बोलायला येत न्हाई, सर.”

“मग मला लावायला येत नाही, मावशी.”

“मी म्हणू का तिच्या बदली?”

“तुम्ही कितवीत आहात?”

मुलं खो खो हसली. मावशीही हसल्या, कारण नोकरी होती. तो विनोद मी त्या वर्षी चार ठिकाणी सांगितला.

यात धोका काय होता ते मावशींना माझ्याइतकंच कळत होतं. सलग महिने गैरहजर असलेलं मूल कचेरीच्या यादीत ‘शाळाबाह्य’ होतं आणि पटावरून नाव जातं. मग तिला घरी कोण सांभाळणार? सांभाळायचं तर मावशींचं काम जाणार. आणि अशी मुलगी एकदा घरी बसली की तिला पुन्हा शाळेत बोलवायला कुणी येत नाही.

कानडीच्या बाईंनी पहिला आठवडा तिला काहीच शिकवलं नाही. त्या मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या खोलीत पाटावर बसून नुसत्या तिच्याकडे बघत. मी डायरीत लिहून ठेवलं : ‘बाई चुलीपाशी बसतात.’ आठवड्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. त्यांची वाक्यं पोस्टाच्या तारेसारखी असत.

“सर. घंटा मुलीजवळ आहे. मुलगी पळते. घंटा लांब पाहिजे.”

आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पंचवीस वर्षं एकाच जागी टांगलेला.

“मुलीला लांब बसवा,” मी म्हणालो.

“मुलगी जड आहे. घंटा हलकी आहे,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी घंटा मैदानाच्या पार टोकाला लिंबाच्या झाडावर होती. ती वाजवायला मला पाऊणशे पावलं चालावं लागे. मुलगी पळायची थांबली. पळापळ आता माझी चालू झाली.

मग त्यांनी राखेतले गोल धरले. कानडी ‘र’ म्हणजे जवळजवळ गोलच, वर एक छोटी टोपी. बाई तिच्या शेजारी बसून राखेत आपला गोल काढायच्या आणि त्याला टोपी घालायच्या. काही बोलायच्या नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीनं आपल्या गोलाला टोपी घातली. मराठीची डोक्यावरची आडवी रेघ तिला सोसत नसे, पाटीवर दिसली की ओल्या बोटानं पुसून टाकी. सीमाभागातल्या मराठी शाळेत, मराठी घरातली पोर आधी कानडी अक्षरं काढते, हे मला काट्यासारखं टोचलं. मराठीच्या प्रश्नावर मी तरुणपणी भाषणं ठोकलेली होती. मी त्या दुसऱ्या गुरुजींना, ते एक दिवस ड्युटीवरून चुकून आले होते तेव्हा, म्हणालो, “आपली एक पोरगी गेली बघा तिकडं.” ते म्हणाले, “कोणती?” त्यांना एकही माहीत नव्हती.

बोलणंही असंच आलं. बाईंनी तिला दोनच शब्द दिले. बेकु म्हणजे पाहिजे. साकु म्हणजे पुरे. ताटात भात वाढताना मावशींनी थांबायचं आणि बाईंनी तिच्या वतीनं म्हणायचं, “बेकु?” वाट बघायची. किती वाट बघायची! मी घड्याळ लावून बघत असे, रोज भात निवून जाई. श्रावणात एके दिवशी वरणाचा डाव भाताजवळ गेला. वरण भातावर पडलेलं तिला चालत नसे, रोज त्यावरून किंकाळी ठरलेली. त्या दिवशी ती म्हणाली, “साकु.” मावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या रडायला लागल्या आणि इतर मुलं “मावशी, वरण! मावशी, वरण!” म्हणून ओरडायला लागली. त्या दिवसापासून किंकाळ्या कमी कमी होत गेल्या. जे किंचाळून सांगायचं ते तिला आता सांगता येत होतं. बाईंना ती अक्का म्हणायला लागली. मला काहीच म्हणत नसे.

आणि मग ती फळी. बाईंनी वर्गाच्या दाराशी एका फळीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक मुलाला घरून एक टांगण्याजोगी वस्तू आणायला सांगितली. कुणी किल्ली आणली, कुणी बांगडी, कुणी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. त्या मुलीनं हळदीच्या डबीचं झाकण आणलं, भोक पाडून. सकाळी आलं की टोपलीतली आपली वस्तू घ्यायची आणि आपल्या खिळ्याला टांगायची. टांगलं म्हणजे आलो. ती मुलगी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी टांगून मोकळी झाली.

“सर. झाकण आहे. मुलगी आहे. हजर,” बाई म्हणाल्या.

“हजेरी तोंडानंच,” मी म्हणालो.

बाई वाद घालत नसत. मी शाईनं ‘गै’ लिहून गेलो की त्या त्याच चौकटीत पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत. मी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की खोडरबर घेऊन आठवड्याची सहा टिंबं खोडत असे. हे नोव्हेंबरपर्यंत चाललं. एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका, एकमेकांना एक शब्द न बोलता, तीन महिने एका चौकटीत भांडत होते. कागद इतका झिजला की पलीकडच्या पानावरची नावं दिसायला लागली.

नोव्हेंबरच्या शेवटी कचेरीतून एक साहेब आले. शाळाबाह्य मुलांच्या शोधात निघाले होते. नेमके जेवणाच्या वेळेला आले आणि मुलांबरोबर पंगतीत बसले. साहेबांना जेवता जेवता मोजायची सवय असावी.

“मास्टरजी, हाजिर कितने?”

“अडतीस, साहेब.”

“थाली तो उनचालीस हैं।”

मी पंगतीकडे बघितलं. साहेबांच्या डाव्या हाताला ती मुलगी मन लावून भात खात होती.

“साहेब, ये लडकी गैरहाजिर है,” मी म्हणालो. आमचं हिंदी म्हणजे हैदराबादी उर्दूत कालवलेलं मराठी, पण साहेबांना कळलं. कळलं म्हणूनच त्यांचा घास हातात राहिला.

“किधर गैरहाजिर है? मेरे बाजू में बैठी है।”

“हां साहेब. बैठी है, लेकिन गैरहाजिर है.”

“खा रही है!”

“हां साहेब. रोज खाती है.”

साहेबांनी खिशातून यादी काढली. “ये नाम की लडकी छे महिने से लापता है। मैं इसीको ढूंढने आया, मास्टर। जीप लेके आया!”

मुलीनं त्यांच्या ताटाकडे बघितलं. त्यांचं वरण भातावर पसरलं होतं. ती आपलं ताट घेऊन जरा सरकून बसली.

साहेबांनी हात धुतले, हजेरीपट मागवला आणि झिजलेली चौकट उजेडाकडे धरली. “ये किसने लिखा?”

पटाच्या पुठ्ठ्यावर दुसरीच्या वर्गशिक्षिका म्हणून बाईंची सही होती. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी म्हणालो, “क्लास टीचर मॅडम, साहेब.”

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

साहेब उठले तेव्हा त्यांची नजर खिळ्यांच्या फळीवर गेली. त्यांना ती फार आवडली. “और ये?”

“मेरा प्रयोग है, साहेब.”

दोन वाक्यं. मध्ये पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

बाईंना नोटीस आली : हजर मुलीला सहा महिने गैरहजर दाखवल्याबद्दल खुलासा करा. त्यांनी कानडीत एका ओळीत उत्तर दिलं. चूक झाली, यापुढे ह्या मुलीची हजेरी झाकणावरून रोज लागेल. मी ते उत्तर माझ्या सहीनं पुढे पाठवलं आणि सुटलो असं समजलो. माझा नियम त्या दिवशी कायमचा मेला, हे मला दोन दिवसांनी हजेरी घेताना कळलं. कचेरीला लेखी गेलं होतं, आता मी ‘गै’ लिहू शकत नव्हतो. नोटिशीची नोंद मात्र बाईंच्या नोकरीच्या पुस्तकात बसली.

पुढच्या शिक्षक दिनाला तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल, हार, फेटा. साहेबांनी मुलीलाही आणायला सांगितलं होतं, पुरावा म्हणून. बाई म्हणाल्या, “नको. मोठा आवाज.” मी म्हणालो, “साहेबांचा हुकूम आहे.” तेव्हा बाई तिला घेऊन मांडवाच्या बाहेर, स्पीकरपासून लांब बसल्या, तिच्या कानात कापूस घालून.

मी बोलायला उभा राहिलो. आधी सीमाभाग, मग मराठी, मग माझं बालपण, मग प्रयोग मला कसा सुचला. तो मला एका पहाटे सुचला असं मी सांगितलं. पाऊण तास झाला असेल. इतक्यात मांडवाच्या कनातीतून ती मुलगी आत आली, सरळ मंचासमोर येऊन उभी राहिली, मी ज्या बाजूला होतो त्याच्या उलट बाजूला बघत मोठ्यानं म्हणाली, “साकु.”

मांडवात मराठी, कानडी, तेलुगू सगळेच बसले होते आणि साकु कळत नाही असा माणूस आमच्या भागात जन्माला यायचा आहे. आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या, मग साहेब. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मागून एक जण ओरडला, “सर, बसा आता! लेकराचं तरी ऐका!” मी बसलो. दुसऱ्या दिवशी लोक मला म्हणाले, “काय शिकवलंय हो पोरीला! भरल्या सभेत बोलली!” तेही श्रेय माझ्याच पदरात पडलं.

बाई आणखी दोन वर्षं होत्या, मग बदली घेऊन आपल्या जिल्ह्यात गेल्या. तोवर मुलगी कानडी वाचत होती, मराठीची रेघ सहन करत होती आणि ‘पाहिजे’, ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखतंय’ एवढं बोलत होती. पुढं ती दहावी झाली, दुसऱ्या खेपेला. कानडीत सगळ्यात जास्त गुण, मराठीत जेमतेम पास. तो निकाल तिच्यापेक्षा माझा होता.

भिंतवाले शिक्षक येऊन गेल्यावर मी कलबुर्गीला गेलो, रविवारी, पत्ता विचारत विचारत. बाईंचे केस पिकले आहेत. मराठी जवळजवळ विसरल्या आहेत, म्हणून मी कानडीत बोललो. कानडी मला कळतं, पण बोलायचं म्हटलं तर त्यांच्या तेव्हाच्या मराठीसारखं, वीस-पंचवीस शब्दांचं. त्यामुळे फार सजवता आलं नाही. “पट मी लिहिला. नाव तुमचं सांगितलं. फळी तुमची. नाव माझं सांगितलं. तप्पु नंदु.” चूक माझी.

“गोत्तु, सर,” बाई म्हणाल्या. माहीत आहे. मग उठून चहा टाकला.

मी विचारलं, तेव्हा का नाही बोललात? त्या म्हणाल्या, चौकशी लागली असती. चौकशीला मुलीला बोलावलं असतं, प्रश्न विचारले असते, ती किंचाळली असती, आणि कुणीतरी लिहिलं असतं की हिला दूर कुठल्या खास शाळेत घाला. “मला हजेरी बेकु होती. नाव बेडा.” नाव नको होतं.

मी म्हणालो, कचेरीत जाऊन लिहून देतो, तुमच्या पुस्तकातली नोंद काढायला लावतो. त्या हसल्या. आणि म्हणाल्या, “मला सांगितलं. त्या मुलीला सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. सांगावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला काय कळणार, असंच इतकी वर्षं मी धरून चाललो होतो.

ती आता औरादला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिथं काउंटरवर कानडीत आणि मराठीत लिहिलं आहे : किती प्रती ते आधी सांगा. मोठ्यानं बोलू नका. सगळं गाव पाळतं. मी बाजाराचा दिवस टाळून गेलो. मावशी भाजी निवडत मागं बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, हळू आवाजात. जून ते नोव्हेंबर मी तिला गैरहजर लावलं, ती येत असताना.

ती यंत्राकडे बघत होती. “मी रोज येत होते,” ती म्हणाली.

“हो.”

“मग हजर लिहा.”

“अगं, तो पट शाळेत आहे. जुना पट आता दुरुस्त करता येत नाही.”

तिनं एक कोरा कागद घेतला, पट्टीनं चौकटी आखल्या, महिने टाकले, रविवार काळे केले, आणि माझ्यापुढं पेन ठेवलं. मावशी मागून म्हणाल्या, “लिवा सर. आता तुमची सुटका न्हाई.”

मी ‘ह’ लिहायला लागलो. गिऱ्हाईक आलं की ती प्रती काढून देई आणि पुन्हा येऊन कागदावर लक्ष ठेवी. एक ‘ह’ चौकटीबाहेर गेला तर तिनं मला नवा कागद दिला. पुन्हा पहिल्यापासून. जून झाला, जुलै झाला. पंधरा ऑगस्टला मी ‘ह’ लिहायला गेलो तर तिनं चौकटीवर बोट ठेवलं.

“आले होते. स्पीकर होता. घरी गेले.”

“मग काय लिहू?”

तिनं जरा विचार केला. “अर्धं.”

मी अर्धा ‘ह’ काढला, जसा जमला तसा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा बोट ठेवलं.

“तेव्हा ताप होता. दोन दिवस. आई पण आली नव्हती.”

“असू दे गं,” मी म्हणालो, “दोन दिवसांनी काय होतंय? लिहितो हजर.”

“नको,” ती म्हणाली. “गैरहजर लिहा.”

मी त्या दोन चौकटींत ‘गै’ लिहिलं. तिनं कागद जवळ घेऊन ते नीट वाचलं आणि सप्टेंबरच्या पहिल्या चौकटीकडे बोट दाखवलं.